सीमोल्लंघनावाचून युद्ध



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी याच इमारतीत मला आठवीला व्याकरण शिकविले. शब्द वापरण्यापूर्वी त्याची हद्द कोठवर आहे ते पाहून घ्यावे, अशी त्यांची शिस्त होती. पुढे बखर वाङ्मयावर प्रबंध लिहिताना आणि तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविताना तीच शिस्त माझ्या कामी आली. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या दोन शेजारी राष्ट्रांमधील मर्यादित युद्ध हा विषय एखाद्या निवृत्त सेनाधिकाऱ्याने मांडावयाचा, मराठीच्या प्राध्यापकाने नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ते खोटे नाही. तरीही ‘मर्यादित’ आणि ‘युद्ध’ या दोन शब्दांचा एकत्र संसार कसा होतो, हे भाषेच्या माणसाने पाहण्यासारखे आहे, आणि माझ्या बाबतीत तर हा विषय एका शब्दाच्याच निमित्ताने सुरू झाला.

१९९९ च्या पावसाळ्यात वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून मी शाळेत आलो होतो. शाळेचे जुने शिपाई मूळचे भिंडकडचे. पण आयुष्य येथे गेल्यामुळे आपल्यापैकी अनेकांपेक्षा नेटके मराठी बोलत. माजी विद्यार्थ्यांना ते आठवतीलच. त्यांनी मला व्हरांड्यात थांबविले आणि म्हणाले, “सर, एक शब्द विचारायचा आहे. आमचा पुतण्या द्रासला गेला. गावात त्याच्या नावाचा दगड बसवायचा आहे. पेपरात कारगिलला कोणी संघर्ष म्हणतात, कोणी लढाई म्हणतात. सरकारने युद्ध पुकारलेले नाही असेही म्हणतात. मग दगडावर काय कोरायचे? पोरगा गेला तो कशात गेला?”

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो, एवढेच म्हणालो. तो विचार पुष्कळ वर्षे चालला.

जुन्या मराठीत लढण्याच्या प्रकारांना शब्दांची ददात नाही. झटापट, चकमक, छापा, हल्ला, लढाई, मोहीम, मुलूखगिरी, युद्ध. प्रत्येकाचा पल्ला निराळा. या सर्वांना एक मर्यादा असेच, पण ती बहुधा ऋतूची आणि रसदेची असे. पावसाळा सरला, दसरा आला, की फौजा सीमोल्लंघन करून बाहेर पडत. आपण ज्याला लष्कर म्हणतो तो या शहराचा भाग दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि पुढे हललाच नाही म्हणून वसला, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. दसऱ्याला आपण शिलंगणाचे सोने वाटतो. त्या शब्दाच्या पोटात सीमा ओलांडण्याची क्रिया आहे, हे मात्र विसरतो. पराक्रम म्हणजे सीमोल्लंघन, हे समीकरण आपल्या भाषेत इतके मुरले आहे की सीमेच्या अलीकडे राहून करावयाचा पराक्रम तिला सहजी पेलत नाही. १९९९ साली भारतीय सैनिकांकडून नेमका तसला पराक्रम मागितला गेला.

तो का मागितला गेला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे जे घडले त्यानंतर, आणि विशेषतः सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये आपला पहिला अणुस्फोट केल्यानंतर, दोन अण्वस्त्रधारी सत्तांना सर्वशक्तीनिशी लढणे अशक्यप्राय झाले. पण लढण्याची कारणे काही नाहीशी झाली नव्हती. कोरियाच्या युद्धात चिनी सैन्य यालू नदीपलीकडून येत होते. तरी अमेरिकी विमानांनी ती नदी ओलांडून चीनवर बाँब टाकू नयेत, असा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा निर्बंध होता. जनरल मॅकार्थर यांना तो मानवला नाही आणि एप्रिल १९५१ मध्ये त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. १९५७ साली रॉबर्ट ऑसगुड आणि हेन्री किसिंजर या दोघांनीही या विषयावर ग्रंथ लिहिले. मला मात्र थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाचे विवेचन अधिक पटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शत्रूंमध्ये बोलणे बंद असते, तरी कोठे थांबावयाचे याची मूक देवघेव त्यांच्यात चालू असते. अशी देवघेव दोघांनाही स्वच्छ दिसणाऱ्या खुणेपाशीच जुळते. नदी ही अशी खूण आहे. विषारी वायू मुळीच न वापरणे ही अशी खूण आहे. ‘थोडासा वायू’ ही खूण होऊ शकत नाही, कारण थोडा म्हणजे किती, यावर दोन वैऱ्यांचे एकमत व्हावयाचे कसे?

यालाच जोडून एक विरोधाभास ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्ये मांडला. वरच्या मजल्यावर, म्हणजे अण्वस्त्रांच्या पातळीवर, समतोल जितका पक्का, तितकी खालच्या मजल्यावर धिटाई वाढते. कारण मोठे युद्ध होणारच नाही अशी खात्री वाटली की लहान खोडी काढण्यास हात शिवशिवतात. शेतकऱ्याला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. कोर्टकचेरी दोघांनाही परवडणार नाही हे ठाऊक असले की एखादा शेजारी दर पावसाळ्यात बांध वीतभर कोरतो.

अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांत सीमेवर रक्त सांडण्याचा पहिला प्रसंग आपल्या उपखंडात घडला नाही. तो मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर घडला. चीनने १९६४ मध्ये अणुबाँबची आणि १९६७ मध्ये हायड्रोजन बाँबची चाचणी केली होती. सोव्हिएत संघाचा साठा तर प्रचंड होता. वादाचे बेट, ज्याला रशियन दमान्स्की आणि चिनी झनबाओ म्हणत, एक चौरस किलोमीटरही भरत नाही. २ मार्चला गोठलेल्या नदीवर चिनी सैनिकांनी सोव्हिएत गस्तीवर गोळीबार केला. १५ मार्चला त्याहून मोठी चकमक झाली, रणगाडे आणि रॉकेटे वापरली गेली. सोव्हिएत बाजूचे ५८ जण मेले. चिनी मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. बर्फात अडकलेला एक सोव्हिएत टी-६२ रणगाडा चिन्यांनी पुढे नदीतून बाहेर काढला आणि तो बीजिंगच्या सैनिकी संग्रहालयात ठेवला. लढाई मात्र त्या बेटापुरतीच राहिली.

धोका निवळला असे त्यावरून समजू नये. त्याच मार्चमध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी चिनी नेत्यांशी दूरध्वनीवर बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चिनी ऑपरेटरने त्यांना दुरुत्तरे करून जोडणीच नाकारली! दोन अण्वस्त्रधारी राज्यांमधला संवाद एका तारयंत्र्याच्या राजकीय निष्ठेवर अडावा, याला काय म्हणावे? ऑगस्टमध्ये शिंजियांगच्या सीमेवर पुन्हा रक्त सांडले. चीनच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाला तर अमेरिका काय करील, अशी चाचपणी एका सोव्हिएत राजनैतिक अधिकाऱ्याने वॉशिंग्टनमध्ये केली. बीजिंगमध्ये लोक भुयारे खणू लागले. ११ सप्टेंबरला कोसिगिन आणि चौ एन-लाय बीजिंगच्या विमानतळावर भेटले, आणि मग ताण हळूहळू उतरला. १९९१ च्या सीमा करारात ते बेट चीनकडे गेले. म्हणजे बावीस वर्षांनी कागदावर जे सुटले, त्यासाठी बर्फावर माणसे मेली होती.

आता कारगिल. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला ११ व १३ तारखेला आणि पाकिस्तानने २८ व ३० तारखेला अणुचाचण्या केल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला गेले. २१ फेब्रुवारीला लाहोर घोषणापत्रावर सह्या झाल्या. अपघाताने अणुयुद्ध पेटू नये यासाठी काय करावे याचाही त्यात विचार होता. त्या सह्यांची शाई वाळत होती तेव्हा पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक नियंत्रण रेषा ओलांडून मश्कोह, द्रास, काकसर आणि बटालिकच्या शिखरांवर दगड रचून मोर्चे बांधीत होते. १६,००० ते १८,००० फुटांवरील या चौक्या कडाक्याच्या हिवाळ्यात रिकाम्या करावयाच्या आणि बर्फ वितळल्यावर परत जावयाचे, असा रिवाज होता. त्या रिवाजाचाच फायदा घेतला गेला. मेच्या आरंभी बटालिकच्या बाजूस गुराढोरांमागे फिरणाऱ्या स्थानिक माणसांनी परकी हालचाल पाहून खबर दिली, तोवर आपल्या यंत्रणेस पत्ता नव्हता. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या बेसावधपणाची चिकित्सा केली. तो वेगळा विषय आहे.

त्या शिखरांवरून श्रीनगर-लेह रस्ता बंदुकीच्या आणि तोफेच्या टप्प्यात येत होता. लडाखची आणि सियाचेनची रसद त्याच रस्त्याने जाते. योजना आखणाऱ्यांचा हिशेब स्नायडर यांच्या विरोधाभासाबरहुकूम होता: अणुबाँब आल्यामुळे भारत मोठे युद्ध करणार नाही, जग घाईने मध्ये पडेल, आणि जिंकलेली शिखरे हाती राहतील. बांध कोरणाऱ्याचाच हा हिशेब. फक्त बांध १७,००० फुटांवर होता.

येथे ‘नियंत्रण रेषा’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. ती आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींनी नकाशांवर ती आखली आणि डिसेंबर १९७२ मध्ये सुचेतगढ येथे त्या नकाशांवर सह्या केल्या. सुमारे ७४० किलोमीटरची ही रेषा एन-जे ९८४२ या खुणेपाशी संपते. तिला वृत्तपत्रे ‘लक्ष्मणरेषा’ म्हणतात, ते मला खटकते. लक्ष्मणाची ती रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. नंतरच्या परंपरेने ती ओढली आहे. ते असो. तीत महत्त्वाचा फरक असा की ती एकाने दुसऱ्यासाठी, तिला न विचारता ओढली होती. नियंत्रण रेषेवर दोघांच्या सह्या होत्या. दोघांनाही ती दिसत होती. शेलिंग ज्या खुणेविषयी बोलतात, ती हीच.

हल्ल्याला उत्तर देताना रेषा ओलांडावयाची नाही, असा निर्णय मेच्या अखेरीस मंत्रिमंडळाच्या समितीने घेतला. हवाईदलाचे प्रमुख तेव्हा एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हे मराठी गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे की विमानांना रेषा ओलांडावी लागण्याची शक्यता त्यांनी बैठकीत मांडली, तेव्हा वाजपेयींनी ठामपणे नकार दिला. हा निर्णय केवळ अणुबाँबच्या धास्तीने घेतला, असे म्हणणारे आहेत. मला ते अपुरे वाटते. ज्याने रेषा मोडली त्याला रेषेमागे हाकलावयाचे असेल, तर ती रेषा पवित्र आहे हे आधी आपण दाखवावे लागते. आपणही ती ओलांडली असती, तर भांडण ‘कोणी रेषा मोडली’ याचे न राहता ‘रेषा कोठे असावी’ याचे झाले असते, आणि शेजाऱ्याला नेमके तेच हवे होते. बाँबची धास्ती होती, यात शंका नाही. परंतु संयम हा येथे डावपेचही होता.

त्याच वेळी हा संयम बिनशर्त आहे असे शत्रूला वाटू देणेही परवडणारे नव्हते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्र यांनी दूरचित्रवाणीवर आज रेषा ओलांडणार नाही, उद्याचे सांगता येत नाही, अशा अर्थाचे विधान केले. नौदल अरबी समुद्रात सरकले. मर्यादा पाळणारा ती मोडूही शकतो, अशी खात्री असल्याशिवाय पाळण्याला किंमत येत नाही.

आता या निर्णयाचा अर्थ डोंगरावर काय झाला, ते पाहू. उंचावरच्या चौकीचा पाडाव करण्याची शहाणी रीत म्हणजे मागून जाऊन तिची रसद तोडणे. येथे अनेक ठिकाणी मागची बाजू रेषेपलीकडे होती. ती रीत बंद. उरला तो समोरचा उघडा उतार: झाड नाही, आडोसा नाही, हवा विरळ, वरून मशीनगन आणि उखळी तोफा. हल्ला करणारे मैदानात बचाव करणाऱ्यांच्या तिप्पट असावेत असा ढोबळ नियम आहे. पर्वतात त्याहूनही अधिक लागतात, आणि इथे कड्यावर एका वेळी मूठभरच माणसे चढू शकत. म्हणून रात्री चढावयाचे, पहाटेपूर्वी माथ्याजवळ पोहोचावयाचे, न पोहोचल्यास दिवसभर एखाद्या खडकाला बिलगून राहावयाचे. द्रासवरच्या तोलोलिंगसाठी तीन आठवडे असे प्रयत्न झाले. १८ ग्रेनेडियर्सचे मेजर राजेश अधिकारी आणि लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन त्यात पडले. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते शिखर घेतले. तेथून पारडे फिरले. ४ जुलैला टायगर हिल, नंतर पॉइंट ४८७५.

विमानांचीही तीच अडचण. २६ मेला हवाई हल्ले सुरू झाले. २७ ला दोन लढाऊ विमाने आणि २८ ला एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. अरुंद खोऱ्यात, रेषेला न शिवता, वळण घेऊन दगडी मोर्च्यावर नेम धरावयाचा. अशा वेळी आपल्या महाराजपूरची मिराज विमाने पुढे आली. ती तेव्हा पंजाबात आदमपूरहून उडत. इथल्या आकाशात त्या दिवसांत जरा शांतता होती, आणि वर्गात अर्धे वाक्य सोडून विमान जाईपर्यंत थांबण्याची सवय असलेल्या आम्हा शिक्षकांना ती चुकल्यासारखी वाटे. २४ जूनला त्यांनी लेझरने दिशा दिलेले बाँब टायगर हिलवर टाकले. याशिवाय बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफा. ज्या तोफांच्या नावाने देशात दशकभर एवढा गदारोळ झाला, त्यांनीच पायदळाला वाट करून दिली. संपूर्ण मोहिमेत तोफगोळे, बाँब आणि रॉकेटे मिळून सुमारे अडीच लाख डागली गेली, असा आकडा दिला जातो. एवढी आग ओकूनही रेषेपलीकडे पाऊल नाही.

या हट्टाचे फळ रणांगणाबाहेर मिळाले. जूनमध्ये कलोन येथे जमलेल्या आठ श्रीमंत राष्ट्रांनी घुसखोरी चूक ठरविली. चीननेही पाकिस्तानची बाजू उचलून धरली नाही. ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला गेले आणि फौज मागे घेण्याचे कबूल करून परतले. क्लिंटन यांचे एक सहायक ब्रूस रीडेल यांनी पुढे २००२ मध्ये लिहिले की पाकिस्तान अण्वस्त्रे सज्ज करीत असल्याची माहिती अमेरिकेकडे होती. त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. परंतु असा मतभेद शक्य व्हावा, हेच पुरेसे काळजीचे आहे. खालच्या मजल्यावर लढणाऱ्यांना वरच्या मजल्यावर दिवा लागला आहे की नाही, हे ठाऊक नव्हते. २६ जुलैला लढाई संपली. भारताचे ५२७ सैनिक कामी आले, तेराशेहून अधिक जखमी झाले.

दुसऱ्या बाजूच्या मृतांविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. पाकिस्तानने युद्ध लहान ठेवण्याची एक निराळी युक्ती काढली होती: आपले सैन्य तेथे नाहीच, ते मुजाहिद आहेत, असे म्हणावयाचे. नाकारलेले युद्ध मर्यादित राहते, हे खरे. पण नाकारलेल्या सैनिकाचे प्रेत कोण मागणार? बहुतेक देह पाकिस्तानने स्वीकारले नाहीत. आपल्या जवानांनी आणि मौलवींनी ते डोंगरावरच पुरले. कॅप्टन कर्नल शेर खान या अधिकाऱ्याचे शौर्य पाहून ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या खिशात प्रशंसेची चिठ्ठी ठेवून देह परत पाठविला. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. बाकीच्या बहुतेकांना अकरा वर्षे थांबावे लागले. २०१० मध्ये पाकिस्तानी सैन्याने ४५३ नावांची यादी आपल्या संकेतस्थळावर दिली. माझ्या शिपाई मित्राला निदान दगडावर कोणता शब्द घालावा एवढाच प्रश्न होता. पलीकडे गिलगिट-बाल्टिस्तानच्या खेड्यांतल्या चुलत्यांना तोही विचारता येत नव्हता.

कारगिलनंतर आपल्याकडे, विशेषतः जानेवारी २००० मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या भाषणापासून, अण्वस्त्रांच्या छायेतही मर्यादित युद्ध लढता व जिंकता येते, असे उघडपणे मांडले जाऊ लागले. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण १९९९ मध्ये मर्यादा टिकली ती कशामुळे, याचा विसर पडू नये. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये फौजा दहा महिने सीमेवर उभ्या राहून परतल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सैनिकांनी रात्री रेषा ओलांडली आणि सकाळी ते जाहीर केले गेले. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे मिराज याच महाराजपूरहून उडाली आणि त्यांचा हल्ला पाकव्याप्त काश्मीरही मागे टाकून बालाकोटपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशीच्या धुमश्चक्रीत आपला एक वैमानिक पकडला गेला आणि श्रीनगरजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील ६ आणि आपल्या शेजारच्या इंदूरचा १ होता. ७ मेला नऊ ठिकाणी हल्ले झाले, त्यांत पाकिस्तानी पंजाबातील बहावलपूर आणि मुरीदके होते. १० मेपर्यंत क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि विमानतळ सगळे त्यात आले. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी घरात बसलेली माणसे मेली. मग त्या दुपारी दोन्ही सैन्यांच्या मोहीम-संचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबविण्याचे ठरले. १९६९ च्या तुलनेत एवढी प्रगती म्हणावयाची, की फोन उचलला गेला.

यांतले प्रत्येक पाऊल चुकीचे होते असे मी म्हणत नाही. चिथावणी अमानुष होती आणि काहीच न करणे हेही एक कृत्यच असते. माझी काळजी व्याकरणातली आहे. १९९९ ची मर्यादा एक रेषा होती. रेषा हे नाम आहे, बोट ठेवून दाखविता येते. आताच्या मर्यादा ‘संयत’, ‘मोजकी’, ‘न चिघळविणारी’ अशा विशेषणांत राहतात, आणि विशेषणाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हातात नसून ऐकणाऱ्याच्या मनात असतो. पुढच्या खेपेस ऐकणारा कोणत्या मनःस्थितीत असेल, हे कोणी सांगावे? भर म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला, जो तीन युद्धांत टिकला होता. आणि पाकिस्तानने सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क राखून ठेवल्याचे जाहीर केले. ज्या कराराच्या पोटी नियंत्रण रेषा जन्मली, त्याच्याच मुळाशी ही कुऱ्हाड आहे.

चीनच्या सीमेवर परिस्थिती उलटी. तेथली प्रत्यक्ष नियंत्रण रेषा कोणत्याही मान्य नकाशावर नाही, पण शस्त्रांचा नियम स्पष्ट होता: १९९६ च्या करारान्वये रेषेजवळ गोळी झाडावयाची नाही. जून २०२० मध्ये गलवानला खिळे ठोकलेल्या दांड्यांनी आणि दगडांनी झुंज झाली; आपले २० जवान मेले, गोळी सुटली नाही. खूण दिसत असली की माणूस मरतानाही ती पाळतो, याचा हा विलक्षण दाखला आहे. त्याच सप्टेंबरात हवेत का होईना, गोळ्या झाडल्या गेल्याच.

त्या शिपायांना मी दिवाळीनंतर भेटलो. शाळेच्या ग्रंथालयातला नकाशासंग्रह काढून द्रास दाखविले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवले आणि विचारले, “ही तुटक ओळ ती रेषा? आणि हा डोंगर अलीकडे की पलीकडे?” मी म्हणालो, अलीकडे. पाचशे सत्तावीस जणांतला जवळजवळ प्रत्येक जण अलीकडेच पडला. ते काही वेळ पाहत राहिले. “शब्द?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “दिल्लीसाठी ते मर्यादित असेल. तुमच्या घरातून माणूस गेला, तुम्ही युद्ध म्हणा.”

पुढे एका लग्नानिमित्त त्यांच्या गावी जाणे झाले. दगड शाळेसमोर, कडुलिंबाखाली बसविला आहे. नाव, पलटण, वय २३ वर्षे, आणि खाली देवनागरीत ‘द्रास, कारगिल युद्ध, १९९९’. ‘युद्ध’ हा शब्द कोरणाऱ्याने बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडा मोठा काढला आहे. त्याला तसे कोणी सांगितले होते का, हे मी विचारले नाही.